उताणी

“हात काढ आणि मोजायला लाग,” आण्णा म्हणाले.

मी लाव्हरीच्या छातीवरचा हात अलगद उचलला. ती पाटावर तशीच उताणी पडून राहिली. पाय वर, मान एका अंगाला कललेली, डोळे टक्क उघडे. मी मनात मोजू लागले. अठराला तिनं पंख झटकले, सुलटी झाली आणि टुणकन उडी मारून आण्णांच्या मांडीवर गेली.

“ही ठेवायची,” म्हणून आण्णांनी तिच्या पायात हिरवं कडं घातलं.

विट्याला आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये आण्णांच्या लाव्हऱ्या असायच्या. रानातल्या नव्हेत, जपानी. गुरांच्या दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. डॉक्टर इंजेक्शन लिहून द्यायचे, ते आण्णा टोचायचे, जखमा आण्णा धुवायचे. गल्ली त्यांनाच डॉक्टर म्हणायची. निवृत्त झाल्यावर कुठूनसं प्रशिक्षण घेऊन त्यांनी साठ अंडी आणली आणि बघता बघता परसात दीडशे पक्षी झाले. अंडी विकायची, जादा पक्षी हॉटेलवाल्यांना द्यायचे. पण आण्णांचा खरा जीव होता तो पैदास निवडण्यात. नवी पिल्लं सहा आठवड्यांची झाली की एका सकाळी ते सगळी खाली काढायचे. ठिपकेदार छातीच्या माद्या एकीकडं, विटकरी छातीचे नर एकीकडं. मग वजन, बोटं सरळ आहेत का, डोळा स्वच्छ आहे का. एका आईची पिल्लं एकत्र येऊ नयेत म्हणून पायात रंगीत कडी. आणि सगळ्यात शेवटी हे उताणं घालणं.

पक्ष्याला पाठीवर निजवून क्षणभर छातीवर हात ठेवला की तो मेल्यासारखा पडतो. हात काढल्यावरही पडून राहतो. तो किती वेळानं उठतो ते मोजायचं. चाळीसच्या आत उठला तर पैदाशीला, शंभरच्या पुढं गेला तर विक्रीच्या खुराड्यात. आण्णा म्हणायचे, भित्र्याची वीण ठेवली की सगळा पिंजरा भित्रा होतो. मग पत्र्यावरून मांजर नुसतं चाललं तरी सगळे एकदम उसळतात आणि छताला डोकी आपटून मरतात.

त्या सकाळी आम्ही तिघं शेडपुढच्या फरशीवर बसलो होतो. आण्णा, मी आणि अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण रत्नमाला. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, दिली होती तासगावला. दाजींचं खताचं दुकान होतं. माणूस गोडबोल्या. आला की आईच्या पाया पडायचा, आण्णांसाठी पानाचा विडा बांधून आणायचा. माझं स्थळही त्यांनीच आणलेलं. मुलगा त्यांच्या दोस्ताचा धाकटा भाऊ, कोल्हापुरात एका छापखान्यात नोकरीला. त्याआधी माझी चार स्थळं मोडली होती. एकदा रंगावरून, एकदा पत्रिकेवरून, दोनदा नुसतंच कळवतो म्हणून गेलेले परत आले नव्हते. मी पंचविशी ओलांडली होती आणि घरात माझ्या वयाचा उल्लेख कुणी करत नव्हतं, म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं. हे स्थळ जमलं तेव्हा आई दारातल्या तुळशीपुढं बसून रडली. लग्न तेवीस दिवसांवर आलं होतं. बस्ता काढायला म्हणून अक्का चार दिवसांसाठी आली होती आणि संध्याकाळी दाजी तिला न्यायला येणार होते.

आदल्या दिवशी दुपारी अक्का न्हायला बसली. तिचे केस लांब, कमरेखाली. लहानपणापासून तिच्या डोक्यावर पाणी मीच घालायची. या खेपेला ती एकटीच न्हाणीत गेली आणि कडी लावून घेतली. मी दार वाजवत राहिले. शेवटी तिनं उघडलं. मी तांब्या भरला, केस पुढं घेतले आणि हात तसाच राहिला.

मानेखालपासून डाव्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, काळे पडलेले. एक ताजा.

ती पुढं वाकून बसली होती. पाणी घाल म्हणाली. मी घातलं. मग तिनं सगळं सांगितलं, अगदी थोडक्यात, कपडे वाळत घालताना सांगावं तसं. मूल होत नाही म्हणून सुरू झालेलं, आता कारण लागत नव्हतं. मी आण्णांना सांगते म्हणून उठले तर तिनं माझं मनगट धरलं.

“तुझ्या अक्षता पडू देत,” ती म्हणाली. “मग मी माझ्या तोंडानं आण्णांना सांगते. तोवर कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

मी आण घेतली. तिचे केस पुसून दिले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी वाईट वाटलं आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं.

तर दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. चैत्र संपत आलेला, आठालाच ऊन चढलेलं. अक्कानं दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून घेतला होता. आई ओट्यावर पापड उलटत होती. तिनं दोनदा विचारलं, रत्ने, एवढ्या उकाड्यात काय गुंडाळून बसलीस. अक्का म्हणाली, तिकडची सवय.

आण्णा वजन करत होते. फडक्याच्या पिशवीत पक्षी घालायचा, पिशवी हातातल्या काट्याला अडकवायची आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढून काटा डोळ्यांसमोर धरायचा. वजन झालं की पक्षी आमच्याकडं. मी आणि अक्का पाळीपाळीनं पाटावर घेत होतो.

अक्काच्या हातात एक मादी आली. चांगली भरलेली, छातीवर ठिपके दाट. अक्कानं तिला उताणं घातलं, हात ठेवला, काढला. मी मोजत होते. चाळीस झाले, साठ झाले. पक्षी हलला नाही. नव्वदला आण्णांनी मान वळवून बघितलं. एकशे तीसपर्यंत मोजून मी थांबले.

“टाक तिकडं,” आण्णा विक्रीच्या खुराड्याकडं बोट करून म्हणाले. “लई भित्री दिसतीय.”

अक्का म्हणाली, “भित्री नाही आण्णा. हात कधी उचलतोय याची वाट बघतीय.”

आण्णा हसले. “हात कवाच उचललाय की गं.”

अक्कानं त्या मादीला खुराड्यात टाकलं नाही, ओंजळीत घेऊन बसली. आण्णांनी पुढचा नर पिशवीत घातला, काट्याला अडकवला आणि काटा वर धरला. मग काट्याकडं बघतच, एखाद्या पक्ष्याबद्दल विचारावं तसं त्यांनी मला विचारलं.

“हेमे, रत्नी तुला काय बोलली का? तिकडचं काय… घरातलं?”

अक्का तीन हातांवर बसली होती. तिला सरळ विचारणं त्यांना जमलं नसतं. आमच्याकडं बाप लेकीला असलं विचारत नाही. आईनं विचारायचं किंवा बहिणीकडून काढून घ्यायचं. आईनंच रात्री त्यांच्या कानावर घातलं असणार, पोरगी जेवत नाही, दचकते म्हणून.

मी उठले, अक्काजवळ गेले आणि तिथूनच म्हणाले, “नाही आण्णा. काही नाही. लग्नाच्या गडबडीनं दमलीय.”

ओट्यावरून आई आमच्या दोघींकडं बघत होती. ती म्हणाली, बघा, बहिणी बहिणी एकमेकींना सोडत नाहीत. आण्णांनी वजनाचा आकडा सांगितला. तो मी वहीत लिहिला.

संध्याकाळी दाजी आले. चहा झाला. आण्णांना विडा दिला, मला “काय नवरीबाई” म्हणून चिडवलं, माझ्या शालूचा रंग कोणता म्हणून विचारलं. अक्का आतल्या खोलीत पिशवी भरत होती. निघताना ती माझ्या गळ्यात पडेल म्हणून मी पुढं झाले. ती माझ्या डोक्यावरून नुसता हात फिरवून गाडीवर बसली.

लग्न चांगलं झालं. अक्का आठ दिवस आधी यायची ती दोन दिवस आधी आली. करवली म्हणून माझ्या मागं उभी होती. गर्दीत आम्ही दोघी एकट्या अशा सापडलोच नाही, किंवा मी सापडू दिलं नाही. अक्षता पडल्या. माझा नवरा, प्रभाकर, भला माणूस निघाला. तेव्हापासून आजपर्यंत त्यानं माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. ही गोष्ट मी अभिमानानं सांगत नाही.

अक्षता पडल्यावर सांगायचं ठरलं होतं. मी कोल्हापूरहून फोन केला की अक्का म्हणायची, सांगते गं, जरा निवांत होऊ दे. मीही म्हणायची, बरं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, दाजींचे ते दोस्त, म्हणजे माझे थोरले दीर, आमच्याच घरात राहत होते. रोज जेवायला त्यांच्या पानात मी वाढायची. एवढ्यात नको, असं मला वाटायचं. श्रावण येऊ दे, अक्का माहेरी येईल तेव्हा दोघी मिळून सांगू.

आषाढात मी पहिल्यांदा माहेरी आले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तो आण्णांनी घेतला. अक्का माडीच्या जिन्यावरून पाय घसरून पडली होती. आम्ही सांगलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

अंघोळ आम्ही बायकांनी घातली. पाठ सगळ्यांनी बघितली. मावशीनं तोंडावर पदर धरला, आई भिंतीला टेकून खाली बसली. मी पाणी घालत होते. नव्यानं दिसल्यासारखा चेहरा मला करावा लागला आणि तो मला जमला.

तक्रार झाली. पोलीस आले, जबाब झाले. मलाही विचारलं, बहीण कधी काही बोलली होती का? तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. माझे दीर बाहेर बाकावर बसले होते. मी म्हणाले, मला काही कल्पना नव्हती. अडीच वर्षांनी दाजी पुराव्याअभावी सुटले, त्यांनी दुसरं लग्न केलं.

आण्णांनी लाव्हऱ्या ठेवल्या, पण निवड सोडली. पिल्लं होतील तशी होऊ दिली, कडी घालायची बंद केली. दोन-तीन वर्षांत बहीण-भावंडांची पैदास होऊन वाकड्या बोटांचे पक्षी निपजायला लागले. जराशा आवाजानं सगळे उसळायचे, सकाळी दोन-चार मेलेले असायचे. आण्णा ते गोळा करून परसातल्या कडुलिंबाच्या बुडात पुरायचे आणि परत अंडी उबवायच्या यंत्रात ठेवायचे. आई म्हणायची, कशाला ही पीडा. एक दिवस त्यांनी उरलेले सगळे पक्षी देऊन टाकले आणि शेडमध्ये सरपण भरलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. मी माहेरी गेले की निघायच्या आधी ते मला कुठंतरी एकटीला गाठायचे. एसटी स्टँडवर, परसात, एकदा तर देवळाच्या पायरीवर चपला घालताना. आणि विचारायचे, “हेमे, रत्नी तुला काय बोलली नव्हती ना?” मी म्हणायची, नाही आण्णा. ते मान डोलवायचे. अकरा वर्षं हे चाललं. माझ्यापाशी अक्काची आण होती. आण पाळली, यात माझं काय चुकलं, असं मी रोज स्वतःला सांगायची. अक्का मला कधी स्वप्नात दिसली नाही. दिसायची ती जागेपणी. लग्नात, हळदीकुंकवात, बसच्या रांगेत कुणीतरी बाई पाठमोरी उभी असायची आणि तिचा पदर खांद्यावरून घसरायला लागायचा. मी तिथून निघून जायची.

मुलगी दहा वर्षांची झाली. शाळेच्या संमेलनात तिला लावणीवर नाचायचं होतं, नऊवारी नेसायची होती. ती साडी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. निऱ्या काढून दिल्या, काष्टा घालून दिला. पदर हातात घेतला आणि तो तसाच खाली सोडला. मी शेजारच्या बाईंना हाक मारली. मुलीनं घरी आल्यावर विचारलं, आई, तुला पदर लावता येत नाही का? मी म्हणाले, येतो. मग का नाही लावलास, म्हणाली. त्या रविवारी मी एकटीच विट्याला गेले.

आण्णा परसात खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळले होते, पण डोकं शाबूत होतं. आई आत होती. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. त्यांनी मला विचारायच्या आधीच मी बोलायला लागले. न्हाणीतलं सांगितलं. पट्ट्याचे वळ, तिनं घातलेली आण. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रभाकरलाही नाही, ते सांगितलं.

“तुम्ही मला विचारलंत ना आण्णा, इथंच,” मी म्हणाले, “तेव्हा अक्कानं हातातली लाव्हरी खाली सोडली. लपेटलेला पदर तिनं स्वतःच्या हातानं सोडला. तो पार कोपरावर आला. मग ती तुमच्याकडं पाठ करून बसली.”

आण्णा माझ्याकडं बघत नव्हते.

“बोलली नाही काही. नुसती बसून राहिली. वळ दिसत होता, ब्लाउजच्या वर, एवढा. तुम्ही काट्याकडं बघत होता. आई ओट्यावर होती, तिला आमची तोंडं दिसत होती, पाठ नाही. एक मिनिट तसंच राहिलं असतं तर तुम्ही मान वळवली असती. मी उठले, तिच्याजवळ गेले आणि तिचा पदर उचलून दोन्ही खांद्यांवर सारखा केला. वरनं हात फिरवला. आणि मग तुम्हाला म्हणाले, नाही.”

तिनं तेव्हा मान वळवून माझ्याकडं कसं बघितलं, ते मात्र मला सांगता आलं नाही. त्यात राग नव्हता. आपल्या आधी कुणीतरी दार लावून घेतलं की आपण जसं दाराकडं बघतो, तसं तिनं बघितलं. आण तिनंच घातली होती आणि तिनंच ती सोडवली होती. तेवीस दिवसांवर माझं लग्न होतं. एवढंच होतं ते. दुसरं काही नव्हतं.

लिंबाखाली पालापाचोळा साठला होता, त्यावर एक साळुंकी काहीतरी उकरत होती. आण्णा ओरडतील, निघून जा म्हणतील, मला वाटलं तसंच व्हावं. त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात उचलून तोंडावरून फिरवला.

“चष्मा माझ्या कपाळावर होता, हेमे,” ते म्हणाले.

मला कळेना. ते सावकाश बोलत होते.

“काट्यावरचा आकडा मला चष्म्याशिवाय दिसत नाही. कधीच दिसत नव्हता. मी काट्याच्या कडंनं तिच्याकडंच बघत होतो. जवळचं दिसत नाही मला, लांबचं दिसतं. आकडा तोंडाला येईल तो सांगितला.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

“आता उठावं लागणार, काहीतरी करावं लागणार, दाजीला विचारावं लागणार, तुझं मोडणार, असं सगळं डोक्यात आलं. तेवढ्यात तू उठलीस.” त्यांनी फरशीकडं बोट केलं. “तू पदर सारखा केलास, तवा मला बरं वाटलं.”

“मग मला का विचारत होता इतकी वर्षं?”

“तू सांगतीस का बघत होतो. तू सांगितलं असतंस तर मलाबी सांगता आलं असतं.”

घरातून कपबशांचा आवाज आला. आई ताटलीत तीन कप घेऊन बाहेर येत होती, एका हातानं दाराची चौकट धरत, गुडघे सांभाळत. तिनं आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, काय एवढं बापलेकींचं चाललंय.

“काही नाही गं,” मी म्हणाले.

आण्णांनी कप घेतला, बशीत चहा ओतला. फुंकर घालून ते म्हणाले, यंदा लिंबाला मोहर बरा आलाय. मी म्हणाले, हो, वाटेत सगळीकडंच आलाय. आई खाली बसली आणि आम्ही तिघं लिंबाकडं बघत चहा प्यायलो.